ओळख करून दिल्याचे पैसे द्यावेत, पण क्लायंटला सांगून

"तुझं नाव सुचवलंय त्यांना. काम झालं तर आपले दहा टक्के बघ."

फ्रीलान्स काम करणाऱ्या बहुतेकांना कधी ना कधी असा मेसेज येतो. डिझायनर, इलस्ट्रेटर, फोटोग्राफर, लेखक, व्हिडिओ एडिटर, कुणीही असो. नाही म्हणावं तर पुढची कामं जातील ही भीती. हो म्हणावं तर काहीतरी चुकतंय असं आत वाटत राहतं. आणि विचारायचं कुणाला? या विषयावर आमच्या क्षेत्रात कुणी उघड बोलतच नाही. दर काय लावावा यावर बोलतात, पैसे बुडवणाऱ्या क्लायंटवर तर भरभरून बोलतात. टक्केवारीचा विषय निघाला की सगळे गप्प. म्हणून आज सविस्तर लिहितेय.

माझं मत आधीच सांगून टाकते. काम मिळवून देणाऱ्याला पैसे द्यायला माझी हरकत नाही. मी देते, आणि मनापासून देते. अट एकच, क्लायंटला ते माहीत असलं पाहिजे. किती टक्के, कधी, किती काळ हे बोलून ठरवता येतं. ही अट मात्र मी सोडत नाही.

द्यायचे कशाला, हा प्रश्न नवीन मुलं-मुली नेहमी विचारतात. "माझं काम चांगलं होतं म्हणून मिळालं, तिने फक्त नंबर दिला." हे म्हणणं अर्धंच खरं आहे. काम मिळाल्यावर टिकतं ते तुमच्या कामामुळे. पण ते दारापर्यंत आलं ते दुसऱ्याच्या शब्दामुळे. आपला किती वेळ काम शोधण्यात जातो ते जरा आठवून बघा. ईमेल लिहायचे, पोर्टफोलिओ दरवेळी वेगळा लावून पाठवायचा, फुकट सॅम्पल करून द्यायचं, मीटिंग करायच्या आणि शेवटी "बजेट नाही" ऐकायचं. या वेळेचं बिल कुणालाच लावता येत नाही. चांगल्या ओळखीतून आलेला क्लायंट हा सगळा रस्ता ओलांडूनच आलेला असतो. त्याने तुमचं काम पाहिलेलं असतं, साधारण दर त्याच्या कानावर असतो, आणि पैसे वेळेवर देणारा आहे की नाही हे ओळख करून देणाऱ्याला ठाऊक असतं. शिवाय त्या माणसाने स्वतःचा शब्द पणाला लावलेला असतो. तुम्ही काम अर्धवट टाकलंत तर तोंड त्याचं काळं होतं. याला किंमत आहे, आणि ती द्यायला मला जड जात नाही.

एक गोष्ट मला खरोखर खटकते. हीच माणसं ऑनलाइन प्लॅटफॉर्मला निमूट पैसे देतात. फायव्हर काम करणाऱ्याच्या कमाईतून २० टक्के कापून घेतं. अपवर्कचे दर अनेकदा बदलले, पण तिथेही बहुतेक बिलांतून वाटा जातोच. हे लोकांना चालतं, कारण ती कापाकापी आपोआप होते, कुणाच्या तोंडाकडे बघून पैसे द्यावे लागत नाहीत. ओळखीच्या मैत्रिणीने काम दिलं की मात्र "मैत्रीत कसले पैसे" सुरू होतं. मैत्रीखातर कुणी पैसे नको म्हणालं तर तो तिचा मोठेपणा. आपण ते गृहीत धरू नये.

आता किती द्यायचे? आमच्यात दहा टक्के हा आकडा मंत्रासारखा म्हटला जातो, आणि तो कुठून आला याचा कुणी विचार करत नाही. मला वाटतं, टक्केवारी समोरच्याने केलेल्या कामावरून ठरावी. पुस्तकांच्या जगातले लिटररी एजंट साधारण १५ टक्के घेतात, परदेशी हक्कांवर बहुधा २०. इलस्ट्रेटरचे एजंट २५ ते ३० टक्क्यांपर्यंत जातात. चित्रांच्या गॅलऱ्या विक्रीच्या निम्म्यापर्यंत घेतात. हे आकडे ऐकून दचकायला होतं, पण त्या बदल्यात ते काय करतात तेही बघा. एजंट करार वाचतो, दर वाढवून घेतो, हक्क कुठले द्यायचे आणि कुठले राखायचे ते ठरवतो, थकलेल्या पैशांच्या मागे लागतो. गॅलरी जागा देते, प्रदर्शन भरवते, ग्राहक जमवते आणि वर्षानुवर्षं सांभाळते. ही सगळी मेहनत आहे.

व्हॉट्सॲपवर नंबर पाठवणं आणि हे काम एका तराजूत घालता येणार नाही. म्हणून मी मनाशी भेद करते. कुणी फक्त नाव सुचवलं असेल तर त्याचे मनापासून आभार, आणि पाच टक्क्यांच्या आसपास काही द्यायला हरकत नाही. कुणी क्लायंटशी बोलून त्याची गरज समजून घेतली, माझं काम दाखवलं, पहिल्या मीटिंगला सोबत बसलं, तर दहा टक्के योग्यच आहेत. आणि कुणी पूर्ण प्रोजेक्ट स्वतःच्या अंगावर घेतलं, क्लायंटला उत्तरं देणं, बदल सांगणं, बिल करणं हे सगळं त्याच्याकडे असेल, तर ते रेफरल, म्हणजे नुसती ओळख करून देणं, उरतच नाही. तिथे मी त्याची सबकॉन्ट्रॅक्टर आहे, त्याने घेतलेलं काम त्याच्यासाठी करून देणारी. तो क्लायंटकडून किती घेतो हा त्याचा व्यवहार, मी माझा दर सांगायचा. हे तीन प्रकार एकत्र कालवले की भांडणं होतात. नंबर पाठवणाऱ्याला एजंटाइतके पैसे हवे असतात, आणि पूर्ण प्रोजेक्ट सांभाळणाऱ्याला आपण "फक्त ओळख तर करून दिली" म्हणून पाच टक्क्यांवर बोळवतो.

टक्केवारी कशावर लावायची, याचा हिशेब फार थोडे लोक करतात, आणि नुकसान खरं तिथेच होतं. समजा एका कामाचं एकूण बिल १०० आहे. त्यातले ४० छपाई, फॉन्टचं लायसन्स, मॉडेलचं मानधन, भाड्याची लाइट अशा खर्चात जातात. तुमच्या हातात ६० उरतात. एकूण बिलावर १० टक्के द्यायचं कबूल केलंत तर १० गेले. म्हणजे ६० मधले १०, तुमच्या खऱ्या कमाईचा सहावा हिस्सा. २० टक्के कबूल केले असतील तर तिसरा हिस्सा गेला. तोंडाने वीस टक्के म्हटलं, खिशातून तेहेतीस गेले. ज्या कामात बाहेरचा खर्च ७० आहे, तिथे २० टक्के दिल्यावर दोन तृतीयांश कमाई दुसऱ्याच्या हातात जाते, आणि रात्रीची जागरणं मात्र पूर्ण आपली. म्हणून टक्केवारी नेहमी माझ्या फीवर असते, खर्च आणि कर वगळून. हे मी पहिल्याच बोलण्यात सांगते. आजवर कुणाला त्यात वावगं वाटलेलं नाही, कारण छपाईचे पैसे माझे नसतातच, ते छापणाऱ्याचे असतात.

दुसरा हिशेब कोटेशन वाढवण्याचा. "दहा टक्के द्यायचेत ना, मग कोटेशन दहा टक्क्यांनी वाढव, क्लायंट भरेल," हा सल्ला सर्रास दिला जातो. गणितातच तो चुकतो. १०० चं ११० केलं आणि ११० चे दहा टक्के दिले तर ११ गेले, हातात ९९. पूर्ण १०० हातात यायला कोटेशन १११ च्या थोडं वर न्यावं लागतं. पण माझी हरकत गणिताला नाही. माझ्याकडे थेट आलेल्या माणसाला एक दर आणि ओळखीतून आलेल्याला त्याच कामाचा जास्त दर, हे मला करवत नाही. ओळखीतून येणारा माणूस विश्वासाने येतो. त्या विश्वासाची वसुली त्याच्याचकडून कशी करायची? रेफरलचे पैसे हा माझ्या धंद्याचा खर्च आहे. वेबसाइट चालवायला पैसे लागतात, पोर्टफोलिओ छापायला लागतात, तसेच हे. ते माझ्या फीमधून जातात. माझ्या नेहमीच्या दरात तेवढी जागा नसेल तर दर कमी आहे असं समजावं आणि तो सगळ्यांसाठी वाढवावा.

आता मूळ मुद्दा, क्लायंटला सांगण्याचा.

क्लायंट एखाद्या माणसाला विचारतो, "चांगला डिझायनर माहितीये का?" तेव्हा तो त्या माणसाकडे सल्ला मागत असतो. त्याची समजूत असते की समोरचा आपल्या हिताचं सांगतोय. त्या सल्ल्यामागे पैसे आहेत हे त्याला माहीत नसेल, तर त्याच्या निर्णयातली एक मोठी गोष्ट आपण दोघांनी मिळून त्याच्यापासून लपवली. सल्ला चांगला असला, काम उत्तम झालं, तरी लपवलं हे खरंच. आणि पैसे मध्ये आले की सल्ला हळूहळू बदलतो, हे मी पाहिलंय. सुचवणारा आधी विचार करायचा की या कामाला कुणाची शैली शोभेल. मग तो बघायला लागतो की टक्के कोण देतं. मग जास्त कोण देतं. मुलांच्या पुस्तकासाठी अशा माणसाचं नाव पुढे केलं जातं ज्याने आयुष्यभर कॉर्पोरेट अहवाल केलेत. क्लायंट नाराज, कलाकार बेजार, पुस्तक बिघडलेलं. त्या कामाला शोभणारी मुलगी घरी बसलेली असते, कारण तिने टक्के द्यायला नकार दिलेला असतो.

इतर व्यवसायांनी हा प्रश्न आपल्याआधी पाहिलाय. अमेरिकेत १९७४ च्या एका कायद्याने, रेस्पा त्याचं नाव, घरखरेदीच्या व्यवहारातल्या सेवांमध्ये नुसतं गिऱ्हाईक पाठवल्याबद्दल पैसे देण्या-घेण्यावर बंदी घातली, कारण तो बोजा शेवटी घर घेणाऱ्यावर पडत होता. डॉक्टरांनी रुग्ण पाठवण्याबद्दल एकमेकांना पैसे देणं अनेक देशांत गैर मानलं जातं. ते का, हे कट प्रॅक्टिस हा शब्द माहीत असलेल्या कुणाला समजावून सांगायला नको. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की पैसे घेऊन एखाद्या गोष्टीची शिफारस करणाऱ्याने ते नातं उघड करावं. इन्फ्लुएन्सरच्या पोस्टखाली जाहिरात असल्याचं लिहिलेलं दिसतं ते अशाच नियमांमुळे.

ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाचा २०१४ चा एक निकाल मला फार बोलका वाटतो. एका हॉटेलच्या खरेदीत सीडर कॅपिटल पार्टनर्स ही कंपनी खरेदीदारांच्या बाजूने बोलणी करत होती, आणि विकणाऱ्याकडूनही १ कोटी युरो कमिशन घेणार होती. खरेदीदारांना याची पुरेशी कल्पना दिलेली नव्हती. न्यायालयाने म्हटलं की एजंटाने असं गुपचूप मिळवलेलं कमिशन हे ज्याच्यासाठी तो काम करतो त्याचंच आहे. आपल्याला काम सुचवणारा प्रत्येक जण कायद्याच्या अर्थाने एजंट नसतो, हे खरं. पण त्या निकालामागचा विचार आपल्यालाही लागू होतो. ज्याच्या विश्वासावर पैसे मिळाले, त्याला ते कळण्याचा हक्क आहे.

"सांगितलं तर क्लायंट काम देणार नाही," ही भीती मला माहितीये. माझा अनुभव वेगळा आहे. मी पहिल्या कोटेशनसोबत एक वाक्य लिहिते: "आपली ओळख अमुक यांनी करून दिली. हे काम झाल्यास मी त्यांना माझ्या फीमधून ठरावीक रक्कम देईन. आपल्या बिलावर त्याचा परिणाम होणार नाही." बहुतेक जण त्यावर काही बोलतही नाहीत. एका प्रकाशकाने उलट विचारलं, "त्यांना यातून काही मिळतं का असं मी विचारणारच होतो, बरं झालं सांगितलंत." त्यांच्याबरोबर मी आजही काम करते. आणि ओळख करून देणाराच "हे क्लायंटला सांगू नकोस" म्हणाला, तर मी पैसे देत नाही. तसं स्पष्ट सांगते आणि गरज पडली तर ते काम सोडते. अशी कामं मी सोडलेली आहेत. त्यातलं एक मला फार हवं होतं, अजूनही त्याची चित्रं कुठे दिसली की वाईट वाटतं. पण त्या माणसाला दर महिन्याला गुपचूप पैसे पाठवत बसणं मला जमलं नसतं.

याहून वाईट प्रकार क्लायंटच्याच ऑफिसात असतो. कंपनीतली नोकरदार व्यक्ती, जिच्या हातात काम कुणाला द्यायचं हे ठरवणं आहे, तीच म्हणते की बिल थोडं वाढवून लाव आणि वरचे मला दे. याला रेफरल म्हणू नका. ही लाच आहे. त्या व्यक्तीला तिची कंपनी योग्य माणूस निवडण्यासाठीच पगार देते. ब्रिटनच्या २०१० च्या लाचविरोधी कायद्यात खासगी कंपन्यांमधली अशी देवाणघेवाणही गुन्हाच धरली आहे. "सगळेच देतात" हे मला कितीतरी जणांनी सांगितलंय. वाढवलेल्या बिलावर सही तुमची असते आणि नाव तुमचं असतं. उद्या हिशेब तपासणी झाली तर ती व्यक्ती हात वर करून मोकळी होईल आणि खोटं बिल करणारी म्हणून तुम्ही उभ्या राहाल. इथे टक्क्यांची चर्चाच नको.

बोलणी नीट केली नाहीत तर उघड आणि स्वच्छ रेफरलमध्येही कटुता येते. सगळ्यात जास्त ती "किती काळ" या प्रश्नावर येते. माझ्या ओळखीच्या एका फोटोग्राफरला एका जुन्या सहकाऱ्याने क्लायंट दिला. पहिल्या शूटचे दहा टक्के त्याने आनंदाने दिले. मग दुसऱ्या शूटचे मागितले गेले, तेही दिले. पुढे त्या क्लायंटची माणसं बदलली, ओळख करून देणाऱ्याला तिथे कुणी ओळखेनासं झालं, तरी हप्ता चालूच. ठरलंच नव्हतं कधी थांबायचं ते. शेवटी त्याने बंद केलं आणि दोघांचं बोलणं तुटलं. चूक कुणा एकाची नव्हती. एकाला वाटत होतं क्लायंट माझा, दुसऱ्याला वाटत होतं आता माझा.

या बाबतीत अपवर्कची जुनी पद्धत मला पटण्यासारखी वाटते. २०१६ पासून काही वर्षं ते एकाच क्लायंटकडून मिळालेल्या पहिल्या ५०० डॉलरवर २० टक्के घेत, त्यापुढे १०,००० डॉलरपर्यंत १० टक्के आणि त्याच्यावर ५. २०२३ मध्ये त्यांनी ते बदलून सरसकट १० टक्के केलं. छोटी कामं करणाऱ्यांना ती जुनी रचना जाचक होती, हे मान्यच आहे. पण तिच्यातला विचार मला रास्त वाटतो. ओळख करून देण्याचं मोल सुरुवातीला सगळ्यात जास्त असतं. जसजसं नातं तुमच्या कामावर उभं राहतं, तसतसं ते उतरत जायला हवं. मी सहसा पहिल्या प्रोजेक्टवरच पैसे देते. दरमहा चालणारं काम असेल तर पहिल्या सहा महिन्यांच्या फीवर, त्यापुढे नाही. कुणी वर्षभर म्हणालं तर त्यावरही बोलता येईल. "कायमचं" मात्र मी मान्य करत नाही.

आणि पैसे क्लायंटकडून माझ्या खात्यात आल्यावरच पुढे जातात. काम मिळालं की लगेच द्या, असं काही जण म्हणतात. क्लायंटने निम्म्यात काम थांबवलं, शेवटचा हप्ता बुडवला, तर? जेवढे आले त्याचा वाटा, जसे आले तसा. हे सगळं दोन-चार ओळींत ईमेलवर लिहून घेते: कुठलं काम, किती टक्के, कशावर, कधीपर्यंत, आणि क्लायंटला कळवलं जाईल हे. वकिलाची गरज नाही. मैत्रीत लिहून कशाला घ्यायचं, असं कुणाला वाटत असेल तर त्या फोटोग्राफरचं परत वाचावं.

नवीन लोकांबद्दल मला जास्त काळजी वाटते. ज्यांच्याकडे दुसरं काम नाही त्यांच्याकडूनच सगळ्यात जास्त टक्के मागितले जातात. अनुभवी माणसाकडे दहा मागणारा शिकाऊ मुलीकडे तीस मागतो, वर "तुला एक्सपोजर मिळतंय" असंही ऐकवतो. ती देते, कारण तिला वाटतं सगळीकडे असंच असतं. तसं नसतं. माझं त्यांना सांगणं आहे की आधी तो खर्च वजा करून हिशेब मांडा. फीवर पंधरा टक्क्यांच्या वर कुणी मागत असेल तर विचारा, "त्यात तुम्ही नेमकं काय करणार आहात?" करार, वसुली, क्लायंट सांभाळणं यातलं काही करणार असतील तर बोलणी करा. काहीच करणार नसतील तर नकार द्यायला घाबरू नका. त्या दरात केलेलं काम पुढच्या कामाचा दरही खाली ओढतं. आणि आमच्यासारख्या आधीपासून असलेल्यांची यात जबाबदारी आहे. आम्ही आमच्या अटी उघड बोलून दाखवल्या तर त्या मुलीला निदान तुलनेला काही मिळेल. ही पोस्ट मुख्यतः त्यासाठीच लिहिलीय.

आता, मी स्वतः घेते का? मी काम पुढे पाठवते तेव्हा टक्के घेत नाही. घेणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही, उघडपणे घेत असतील तर अजिबातच नाही. माझं कारण वेगळं आहे. मला एखादं काम जमणार नसेल तेव्हा दोन-तीन नावं सुचवायला आवडतं, आणि त्यांच्यात निवड करताना माझ्या डोक्यात चित्रांशिवाय दुसरं काही येऊ नये असं वाटतं. कुणी फारच आग्रह केला तर मी म्हणते, तुझ्याकडे जमणार नाही असं काम आलं की माझं नाव सांग, आणि त्या क्लायंटला हेही सांग की आपण एकमेकींना ओळखतो.